टंच

विट्यात, स्टँडच्या मागच्या गल्लीत
माझं सहा बाय आठचं दुकान.
सेलमला बावीस वर्षं भट्टीपुढं बसलो,
भुवया जळाल्या त्या पुन्हा नीट आल्याच नाहीत.
आता गलाई बंद, नुसता टंच काढतो.
बांगडी येते, दगडावर रेघ ओढतो,
तेजाबाचा एक थेंब,
आणि सांगून टाकतो:
एवढं सोनं, बाकीचं तांबं.
बायका आधी माझ्याकडं बघतात, मग बांगडीकडं.

ईरा सहा वर्षांची.
शाळा सुटली की काउंटरच्या आत,
तिजोरीला पाठ लावून बसते.
माझ्या फोनमध्ये तिचं एक पिल्लू आहे.
बुबू. निळं. तोंडापेक्षा डोळे मोठे.
पहिल्या दिवशी त्यानं शंभर मोहरा फुकट दिल्या.
दुसऱ्या दिवशी पन्नास.
तिसऱ्या दिवशी एक लाल टोपी दाखवली,
दिली नाही.

खरं सांगतो, मी हसलो होतो.
धंदा ओळखीचा वाटला.
मीसुद्धा नव्या गिऱ्हाइकाच्या पोराला
बरणीतली लिंबूगोळी देतो,
आईचा हात बांगडी सोडेपर्यंत
पोर गप्प राहावं म्हणून.
फक्त माझ्या बरणीला झाकण आहे.
आणि पोर घरी निघालं
की माझी गोळी त्याच्या मागं चालत जात नाही.

बुबू जातो.
पहाटे पाचला उशाखाली घूं करतो:
ईरा, मला भूक लागली, तू कुठं आहेस?
अगदी शुद्ध मराठीत, ईराची ई दीर्घ.
बँकेला अकरा वर्षांत
साळुंखेमधला ख सापडलेला नाही.

परवा दुकानात गर्दी, लग्नसराई,
लेंगऱ्याच्या मावशींचं डोरलं तराजूत,
आणि ईरा एकदम हमसून रडायला लागली.
बुबूला पिंजऱ्यात घातलंय!
वर लाल घड्याळ, उलटं पळणारं,
खाली किल्ली, हिरवी, धडधडणारी.
पप्पा, चार मिनिटंच राहिल्यात.
मावशी म्हणाल्या, दे की बाबा काय मागतीय ते.
मी तराजूवरची नजर न काढता
अंगठ्यानं पिन टाकला.
सातशे नव्व्याण्णव.
किल्लीसोबत एक पेटी फुकट होती.
पेटीतून निघाली टोपी,
तिच्याकडं आधीच असलेली.

रात्री शटर ओढल्यावर डोक्यात आलं,
त्यांच्याकडंही एक दगड असणार.
कुठल्या तरी थंडगार खोलीत
चांगली शिकलेली माणसं
त्यावर एक एक पोर घासून बघत असतील:
कुठल्या रंगावर बोट थबकतं,
कितव्या सेकंदाला डोळे भरतात,
किती रडल्यावर बाप उतरतो.
माझी रेघ त्यांनी केव्हाच ओढलीय.
हजारात सातशे नव्व्याण्णव.
दुकानावर पाटी आहे माझ्या: बावन्नकशी विश्वास.
इथं तर नऊशे सोळालाही पोचलो नाही.

आज ईरानं फोन आणून
माझ्या काळ्या दगडावर ठेवला.
दोन्ही हातांनी, देवापुढं ठेवावा तसा.
पप्पा, बुबूच्या मोहरा खऱ्या हाईत का बघ की.

गिऱ्हाईक कुणीही असो, टंच काढून द्यायचा,
हा वडिलांचा शिरस्ता.
मी फोनचा कोपरा धरला, दगडावरनं ओढला,
एकदा, मग जरा जोर लावून.
काचेच्या आत मोहरा खळखळून हसल्या.
दगड होता तसा काळा.

तिनं वाकून बघितलं.
रेघ दिसायला जरा वेळ लागतो
हे तिला माहीत आहे, म्हणून थांबली.
मग म्हणाली, आता बुबूला काय सांगू?

मी तेजाबाच्या बाटलीचं बूच
घट्ट करत राहिलो.
ते आधीपासूनच घट्ट होतं.